उपरण्याखालून काढलेला हात

अकोला, जुने शहर. कार्तिक वद्य ३, शके १७८६

अमरावतीस केशवराव यांसी अकोल्याहून भगवंतरावाचा रामराम. 'जावईबापू' लिहिणार होतो, पण ते तूर्त राहू द्या.

तुमचे पत्र पोचले. लाखेचा ठसा एका कडेला मोडला होता. वाटेत कुणी उघडले, की तुम्हीच एकदा बंद करून पुन्हा उघडलेत आणि चार शब्द बदललेत, हे कळायला मला मार्ग नाही. म्हणून हे उत्तर मी कारकुनाकडून लिहवून घेत नाही. कारकून लिहितो ते लक्षातही ठेवतो. अक्षर वाकडे आहे, पण माझे आहे.

तुम्ही विचारता, भाऊबीज होऊन पंधरा दिवस उलटले, जयवंतेला अजून सासरी का धाडली नाही. हे तुम्ही विचारावे याचे मला नवल वाटते. आधी मी विचारतो त्याचे उत्तर द्या.

दिवाळीआधीच्या बाजारात आपल्या चाळीस गाड्या अमरावतीस उभ्या होत्या. आठ गावच्या लोकांनी माझ्या तोंडाकडे पाहून कापूस भरला होता आणि मी तुमच्या तोंडाकडे पाहून. तुम्ही दलाल, शिवाय माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. परक्याच्या हाती कशाला द्यायचे, असे वाटले. मी लिंबाखाली उभा राहून पाहत होतो. मुंबईवाल्याचा माणूस समोर बसला. तुमच्या उपरण्याखाली त्याचा हात गेला, तुमचा गेला, बोटे दाबून भाव सुरू झाला. आणि सगळ्या बाजारादेखत तुम्ही हात बाहेर काढलात! "आलोच" म्हणालात आणि वखारीच्या भिंतीमागे गेलात.

केशवराव, मी पन्नाशी ओलांडली. उपरण्याखाली घातलेला हात सौदा जुळल्यावर किंवा मोडल्यावरच बाहेर येतो. मधेच काढला तर समोरच्याच्या तोंडात मारल्यासारखे होते. तो माणूस धोतर झटकून उठून गेला, आणि त्याचे काही चुकले नाही. त्या दिवशी तुम्ही असे एकदा नाही, तीनदा केलेत. तिसऱ्या वेळी तर चक्क धावत गेलात. परत आलात तेव्हा कपाळाला घाम होता आणि तोंड उतरलेले होते. आपल्या गाड्या पडून राहिल्या आणि संध्याकाळी मिळेल त्या भावाने गेल्या. शेजारच्या परतवाड्याच्या गाड्या दुपारीच चढ्या भावाने उठल्या. त्यांना आपला भाव कुणी सांगितला?

भिंतीमागे कोण होते, एवढेच मला सांगा. मी तेव्हाच विचारले तर म्हणालात, "कोनी नव्हतं, दादा." कुणी नव्हते तर धावलात कशाला?

इथे मधेच उठावे लागले. परसात जाऊन आलो. कुंपणाशी कुणीतरी उभे आहे असे वाटले, पण पाहिले तर कुणी नव्हते.

उत्तर येईपर्यंत जयवंता इथेच राहील. शेवटी 'लोभ असावा' लिहायची रीत आहे. ती पाळली असे समजा.

मार्गशीर्ष शुद्ध ११

केशवराव यांसी रामराम.

तुमच्या चार ओळी मिळाल्या. इकडे उतरवून घेतो, म्हणजे उद्या 'असे लिहिलेच नव्हते' म्हणायला नको. "मी कुणाला काही सांगितले नाही. कारण विचारू नका. जयवंतेला पाठवा. तिच्यावाचून माझे हाल होतात."

कारण विचारू नका! ज्याच्याजवळ कारण असते तो सांगतो. ज्याच्याजवळ नसते तो 'विचारू नका' म्हणतो. आणि तुमचे हाल कसले होतात? घरी गडी आहे, स्वैपाकाला म्हातारी आत्या आहे. माझ्या बहिणीवाचून असे कोणते काम अडले आहे? तुमच्या उचापतींत तिचाही हात आहे की काय, अशी शंका मला आली. तिला विचारले तर मान खाली घालून म्हणाली, "तुमाले सांगन्यासारखं नोहे, दादा." मला सांगण्यासारखे नाही! आई-बाप गेले तेव्हा ही सहा वर्षांची होती. माझ्या ताटात जेवून वाढली.

दुसरे असे की, दसऱ्याला तुमच्याकडे जेवलो तेव्हापासून माझ्या अंगात काहीतरी बिघडले आहे. काय ते लिहीत नाही. वांग्याच्या भाजीत काय होते? मी संशयी माणूस नाही, पण तारखा जुळतात. इथल्या वैदाला मी दाखवलेले नाही. तो तुमच्या गावचा.

पार्बताबाई आत्ताच दारातून म्हणाली, "किती डाव उठता वो? एक पत्र लिहाले सकाळपासून बसले." बायकोला काय सांगणार? म्हटले, बैलांकडे पाहून आलो. तर म्हणते, "बैल तं वावरात गेले." हल्ली हिचे माझ्याकडे फार लक्ष असते. नणंद-भावजय कोपऱ्यात कुजबुजतात आणि मी आलो की गप्प होतात.

तुम्ही बाजारात काय करता हे मला इथे बसून कळावे, अशी तजवीज मी केली आहे. कोण ते सांगणार नाही. शोधत बसा.

पौष शुद्ध ८

केशवराव यांसी.

हे पत्र चंद्रभान गाडीवानाच्या हाती देतो आहे. तो माझा आहे. निदान अजून तरी आहे.

माझ्या माणसाने तीन बाजार तुमच्यावर नजर ठेवली. निरोप आला तो असा: "भित्तीपाशी येते आन् उभा राह्यते. लगेच जात नाही. टाचा रोवून उभा, ओठ हालवून राह्यला. कायतरी मोजते नाहीतं मंत्र म्हनते. मंग भित्तीमांगं जाते. एक डाव तं तिथं बसून जमिनीकडं पाहतच राह्यला, जसं काही पुरलं हाय खाली. येतावक्ती कंबरेचा दोरा काढते आन् गाठ मारते."

आता बोला!

ओठ हलवून काय मोजता? जमिनीत काय शोधता? आणि गाठी कसल्या? बोटांनी भाव बोलणारा माणूस गाठींनीही बोलू शकतो. दोरा भिंतीच्या भोकात ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा, तोंडातून शब्द काढायला नको. युक्ती चांगली आहे. दुसऱ्या कुणी केली असती तर मी वाखाणली असती.

जयवंतेने चंद्रभानाकडे तुमच्यासाठी एक गाठोडे दिले होते. मी ते वाटेतच सोडवून पाहिले. काळ्या तिळाचे लाडू आणि सुताची गुंडी. संक्रांत जवळ आली म्हणून लाडू समजले. पण सूत कशाला? अमरावतीस कापसाचा डोंगर पडलेला असताना अकोल्याहून सूत कशाला जाते? ती दिवसभर टकळी घेऊन बसते, तेव्हाच मला समजायला हवे होते. सूत मी ठेवून घेतले. लाडू मी खाल्ले.

असेच चालले तर मी पंच बसवीन आणि फारकत मागेन. आपल्या लोकांत फारकत होते आणि पाटही लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. जयवंता चोविशीची आहे. तिला कुणीही पदरात घेईल. हे लिहिताना मला बरे वाटत नाही. पण ज्याच्या हातात हात दिला तोच हात काढून घेतो, अशा माणसाकडे बहीण कशी ठेवू?

पुन्हा उठून आलो. शाई वाळली होती. थंडीचे दिवस आहेत, सगळ्यांनाच होते.

माघ वद्य ५

केशवराव यांसी.

पंचांचा दिवस ठरला. फाल्गुन वद्य सप्तमी, सकाळी, आमच्या ओसरीवर. नत्थुजी पाटील मधे बसतील. आठही गावचे शहाणे लोक येतील. तुम्हाला बोलावणे गेले होते. त्यावर तुम्ही काय उत्तर धाडावे! "पंचांपुढे एका जागी दोन प्रहर बसणे मला जमणार नाही. दुसरे काहीही सांगा, करीन."

मी हे पत्र नत्थुजींना वाचून दाखवले. ते म्हणाले, "बसनं जमत नाही म्हंजे काय? बसाले का कष्ट पडतात?" मी म्हटले, तुम्हीच समजून घ्या. खोट्या माणसाला सभेत बसवत नाही.

आमच्याकडची रीत तुम्हाला पुन्हा सांगतो. पंच बसले की निकाल लागेपर्यंत फिर्यादीने आणि ज्याच्यावर फिर्याद आहे त्याने जागा सोडायची नाही. जो उठला त्याचे म्हणणे पडले. तुम्ही आला नाहीत तर तुमचे म्हणणे न उठताच पडेल. माझी जागा मी दाराजवळ घेतली आहे. मला आत उकडते. आदल्या दिवसापासून पाणीही घेणार नाही. सध्या मी पाणी कमीच घेतो, दिवसातून दोन-तीन घोट. त्याने जळजळ वाढली आहे, ती गोष्ट वेगळी.

जयवंतेला दिवस सांगितला. तिने टकळी खाली ठेवली. म्हणाली, "दादा, तुमी मले विहिरीत ढकला, पन फारकत मांगू नका." मी म्हटले, मग सांग काय ते. पुन्हा मान खाली. दोन दिवस जेवली नाही. पार्बताबाई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि पाठ करून बसते. मला या घरात कुणी काही सांगत नाही, केशवराव. मी चोरासारखा फिरतो आणि चोर तुम्ही.

कधी कधी वाटते, तुम्ही एकदा येऊन खरे सांगावे, अगदी वाईटातले वाईट असले तरी सांगावे, आणि हे मिटवावे. लग्नात तुम्ही मला खांद्यावर हात टाकून म्हणाला होतात, "दादा, तुमचं काळीज घेऊन चाललो." ते मी विसरलेलो नाही. म्हणूनच राग जात नाही.

फाल्गुन शुद्ध ३

केशवराव,

सापडलात!

तुमचा दोरा माझ्यापुढे पसरला आहे. कंबरेचा सुटून भिंतीपाशी पडला होता. माझ्या माणसाने पायाखाली धरला आणि चंद्रभानाबरोबर वाळल्या बोरांच्या पिशवीत घालून पाठवला. तुम्ही शोधत फिरलात म्हणे. भिंतीच्या बुडाशी हाताने माती चाचपत होतात. एवढा जीव कशात अडकला होता, ते आता मला कळले.

दोऱ्यावर कुंकवाच्या लाल खुणा आहेत. दोन खुणांच्या मधे गाठी. एका बाजाराच्या गाठी एका खुणेपर्यंत, हे मी पहिल्या तासातच ओळखले. पहिल्या बाजाराच्या बावीस. मग एकवीस, एकोणीस, पुन्हा एकोणीस, सोळा, पंधरा, तेरा, बारा, दहा. शेवटच्या बाजाराच्या नऊ. गाठी उतरत आल्या आहेत. आणि याच दहा बाजारांत कापसाचा भाव काय झाला? तोही उतरतच आला! समुद्रापलीकडच्या, कापूस पिकवणाऱ्या मुलखातली लढाई संपत आली, म्हणून भाव बसला, असे लोक म्हणतात. लोक भाबडे असतात. भाव बसणार हे तुम्हाला आधी कळत होते आणि तुम्ही ते गाठी मारून बाहेर पोचवत होतात. दोन बाजारांना गाठी आणि भाव जुळत नाहीत. तिथे तुम्ही मुद्दाम चुकवल्या असणार, म्हणजे कुणाला ओळखू येऊ नये.

हा दोरा मी पंचांपुढे ठेवणार आहे. आता तुम्ही या, नाहीतर येऊ नका. मला फरक पडत नाही.

पुढे लिहिणार होतो, पण उठावे लागते आहे. आता राहवत नाही.

फाल्गुन वद्य ८

जावईबापू केशवराव यांसी भगवंतरावाचा रामराम आणि नमस्कार.

काल पंच बसले. काय झाले ते चंद्रभान सांगेल, बाजारही सांगेल, आणि दोघेही चुकीचे सांगतील. म्हणून मी स्वतः लिहितो. आज जेवढे आठवते तेवढे खरे लिहायचे ठरवले आहे. मला त्याची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

सकाळी पंच जमायच्या आधी मी जयवंतेला माजघरात बोलावले आणि दोरा तिच्यापुढे टाकला. म्हटले, हा बघ तुझ्या नवऱ्याचा कारभार. तिने उचलून चिमटीत धरला. पहिल्यांदा म्हणाली, "हे सूत तं माह्यं हाय. दिवाळीच्या आंधी कातून दिलं होतं. तुमच्यापाशी कुठून आलं, दादा?" माझ्या उत्तराची वाटही पाहिली नाही. गाठी मोजू लागली. एका लाल खुणेपासून दुसरीपर्यंत, बोटाने चाचपत, ओठ हलवत. शेवटच्या खुणेशी आली आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. रडत होती आणि हसतही होती.

"नऊ! दादा, नऊवर आलं त्याईचं!"

मी विचारले, काय नऊवर आले?

"उठनं," ती म्हणाली. "लघवीले उठनं."

मी माजघराचे दार ओढून घेतले.

मग तिने सगळे सांगितले. दसऱ्याच्या आधी तुम्ही उजाडल्यापासून सूर्य मावळेपर्यंत सव्वीस वेळा उठत होतात. कळ आली की क्षणभर थांबवत नसे. बाजारात दोनदा धोतर भिजले. त्या दिवशी उपरण्याखालून हात काढलात तो यासाठी. तिसऱ्यांदा धावलात तोही यासाठी. "तुमी इचारत होते ना, भित्तीमांगं कोन होतं?" जयवंता म्हणाली. "कोनी नव्हतं, दादा. भित होती तेवढीच. आडोसा पाह्यजे का नाही मानसाले?"

मी म्हटले, मग हे सांगायला काय झाले होते? माझे नरडे धरले होते का कुणी?

तेव्हा ती माझ्यावर पहिल्यांदा रागावली. "सांगतीन कसं? सभोवताल बाजार हाय. एका जनाले समजलं का मानसं म्हनतीन, याले परमा झाला, हा बाहेरख्याली हाय. मंग त्याईच्या हातात हात कोन देईन उपरण्याखाली? त्याईचा हातच तं धंदा हाय, दादा. आन् तुमाले सांगतलं असतं तं तुमी आंधी इचारलं असतं, कोनत्या बाईकडं गेला होता?"

खरे आहे. मी तेच विचारले असते.

बडनेऱ्याच्या वैदाने तुम्हाला काय सांगितले, तेही तिने सांगितले. जिथे लघवी केली तिथे मुंग्या लागतात का पाहा. लागल्या तर मधुमेह, नाही लागल्या तर घाबरू नका. म्हणजे तुम्ही जमिनीत पुरलेले काही शोधत नव्हता, मुंग्या पाहत होता! त्या लागल्या नाहीत हे ऐकून मला किती बरे वाटले म्हणून सांगू. पाणी तोडू नका, तोडले की जास्त जळते आणि जास्त उठावे लागते. दिवसभर थोडे थोडे प्या, दिवेलागणीनंतर कमी करा. तिखट आणि तंबाखू आवरा, पोट साफ ठेवा. 'असू द्या, जाऊन येतो' म्हणून उगाच जाऊ नका. कळ आली तरी धावू नका, धावले की ती आणखी जोर धरते. टाचा रोवून उभे राहा, वीस मोजा, ओसरली की मग चालत जा. पुढच्या आठवड्यात तीस मोजा. आणि बाजाराच्या दिवशी किती वेळा उठलात त्याच्या गाठी मारा, म्हणजे कमी होते की नाही ते कळेल.

दर बाजाराच्या संध्याकाळी खूण करायला कुंकू ती द्यायची, गाठी ती मोजायची, कमी झाल्या की काळ्या तिळाचा लाडू हातावर ठेवायची. हे काम आत्याला किंवा गड्याला सांगण्यासारखे नव्हते. 'तिच्यावाचून माझे हाल होतात' याचा अर्थ मला मार्गशीर्षात लागला नाही, तो फाल्गुनात लागला. मधल्या काळात तुम्ही एकटेच मोजत होता. एकट्याने नऊवर आलात. आणि तो दोरा मी तुमच्यापासून चोरवला. हो, चोरवलाच. वखारीच्या भिंतीशी पेरू विकायला बसते ती गोदाबाई माळीण माझी माणूस. तिला बोलू नका, मी सांगितले तेच तिने केले.

हे सगळे सांगून झाल्यावर जयवंता माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आन् तुमचं किती, दादा?"

मी म्हटले, माझे काय?

"उठनं," दाराआडून पार्बताबाई म्हणाली. ती तिथेच उभी होती. "पत्र लिहाले बसता तं चार डाव उठता. सांगता बैल पाह्यले गेलो. आमाले का डोळे नाहीत?"

सगळ्या घराला ठाऊक होते. केशवराव, मी साऱ्या जगावर पाळत ठेवली, आणि माझ्यावर दोन बायकांची पाळत आहे याचा मला पत्ता नव्हता. मला वाटत होते की हे दुखणे जगात फक्त माझ्या वाट्याला आले, आणि तेही तुमच्या वांग्याच्या भाजीमुळे. तीच कळ मला उठवत होती, तुम्हालाही तीच उठवत होती. मी उठलो की ते काम होते, तुम्ही उठलात की ती चोरी. याची मला लाज वाटते. अशी लाज यापूर्वी वाटल्याचे आठवत नाही.

तेवढ्यात ओसरीवर नत्थुजींचा आवाज आला. पंच बसले होते. तुमची जागा रिकामी होती.

आता माझी अडचण पाहा. फिर्याद खोटी होती असे म्हणावे, तर लोक विचारणार, कशावरून? चार महिने आठ गावांत मीच डांगोरा पिटला होता. भिंतीमागे काय होते ते सांगितल्याशिवाय कुणी सोडणार नव्हते, आणि ते सांगितले तर तुमचा हात कायमचा मोकळा. सांगितले नाही तर फारकत. मी दाराजवळ बसलो. दोरा माझ्या बंडीच्या खिशात होता. नत्थुजी म्हणाले, "बोला, भगवंतराव. काय पुरावा हाय तुमच्यापाशी?" मी खिशातला दोरा चाचपला, पण बाहेर काढला नाही. लोक एकमेकांकडे पाहू लागले. जयवंता आतल्या दाराशी भिंतीला धरून उभी होती.

आणि मला कळ आली.

खोटे सांगत नाही. त्या वेळी आली. मी धोतराचा सोगा मुठीत धरला आणि तुमच्या वैदाने सांगितले तसे मोजू लागलो. टाचा जमिनीला लावल्या. वीस मोजले. कळ ओसरली, अगदी ओसरली. आणखी घटकाभर बसता आले असते. तेव्हा मी उठलो.

"आलोच," म्हणालो.

नत्थुजी म्हणाले, "भगवंतराव, काय करून राह्यले? उठले तं तुमचं म्हननं पडलं. बसा!"

"पडलं तं पडू द्या," मी म्हटले आणि परसात गेलो. कुंपणाच्या भिंतीमागे उभा राहिलो. तिथे कुणी नव्हते.

परत आलो तेव्हा लोक जोडे घालत होते. फिर्यादच पडली होती, तेव्हा तुम्ही आला नाहीत यालाही अर्थ उरला नव्हता. तुमचे नाव कुणी घेतले नाही. माझे घेतले. एकजण मला ऐकू जाईल असे म्हणाला, "मधीच उठला. यानंच भावात कायतरी खाल्लं असन, म्हून पळाला." बाकीचे हसले. त्या आठ गावांत आता संशय माझ्यावर आहे. असू द्या. मला त्याची चव घ्यायला हवीच होती. नत्थुजींनी जाताना माझ्याकडे रोखून पाहिले आणि काठी उचलली. आणि मी खरे सांगू? उठून गेलो तसा हलकाही झालो.

जयवंता उद्या उजाडताच निघते आहे. चंद्रभानाला सांगितले आहे की वाटेत ती म्हणेल तिथे गाडी थांबव, घाई करू नकोस. तिच्याबरोबर पार्बताबाईने रात्री वळलेले लाडू आहेत. या वेळी मी एकही खाल्लेला नाही. पौषात ठेवून घेतलेली सुताची गुंडीही आहे, अख्खी. तिला उशीर झाला याचा दोष तिला देऊ नका. द्यायचा तर मला द्या, तोंडावर द्या. मी ऐकून घेईन.

पुढच्या कार्तिकात माझ्याकडे कुणी कापूस दिला, तर तो तुमच्याचकडे येईल. सौद्यात मधेच हात काढावा लागला तर काढा. मी लिंबाखालीच उभा असेन.

दोरा परत पाठवतो आहे. तो गाठीगणिक तुमचा आहे, पण पाठवण्याआधी त्यावर मी एक कुंकवाची खूण वाढवली आहे. त्या खुणेपुढे आज उजाडल्यापासूनच्या सतरा गाठी आहेत. त्या माझ्या. नऊवर कसे यायचे तेवढे सवडीने लिहून कळवा. पत्राला लाखेचा ठसा नसला तरी चालेल.